तर्रीचा पहिला घास

नागपूरजवळच्या कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेचे सकाळचे दर्शन उरकून आपण बाहेर येतो. वीजकेंद्राच्या उंच चिमण्या धूसर आभाळात उभ्या असतात आणि रस्त्याकडेच्या ठेल्यावर पोह्यांच्या ढिगावर चण्याची तर्री पडत असते. प्लेट हाती आली तरी लगेच खायचे नाही. आधी नुसते पाहू या. पिवळ्या पोह्यांवरून लाल तेल सावकाश ओघळते आहे, कडेला लिंबाची फोड आहे, वाफ ओठांपर्यंत पोचली आहे. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्याशी फटकून वागते, पण तेलात सुखाने विरघळते. म्हणूनच तोंड पोळल्यावर पाण्याचा पेला कितीही रिचवा, उपयोग बेताचाच. आणि म्हणूनच खरा नागपूरकर ठेलेवाल्याला सांगतो, ‘भाऊ, वरची तर्री टाक ना.’

आता तो शब्दच जरा जिभेवर घोळवू या: तिखट. त्याचे मूळ ‘तीक्ष्ण’, म्हणजे टोकदार, धारदार. हे मुळात चवीचे नव्हे, स्पर्शाचे विशेषण. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली ती फार उशिरा, पण तिच्यासाठी भाषेने जो शब्द पुढे केला तो शरीरशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. गोड, आंबट, खारट, कडू यांची दखल जिभेवरच्या रुचिकलिका घेतात. तिखटाची वार्ता मात्र भाजल्याचे, टोचल्याचे दुःख वाहणाऱ्या चेतापेशींकडे जाते. ‘तोंड पोळलं’ असे आपण म्हणतो, त्यात अलंकार शोधण्याचे कारण नाही.

या पेशींच्या तंतूंच्या टोकाशी एक इवलेसे दार आहे. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ साली मिरचीच्याच साहाय्याने शोधून काढले, आणि २०२१चे नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. त्या प्रथिनाचे नाव टीआरपीव्ही-१. कॅप्सेसिन आले की ते उघडते. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की उघडते. तीव्र आम्लानेही उघडते. (४३ हा आकडा वाचून नागपूरकर गालात हसेल, मे महिन्यात त्याच्या अंगणातला पारा याच्याही वर जातो.) आता पुन्हा आपल्या प्लेटकडे पाहा: वाफाळती तर्री, मिरची आणि वरून पिळलेले लिंबू. तिन्ही पाहुणे एकाच दारावर एकदम थाप मारतात, आणि एकाच्या हजेरीत दुसऱ्याला दार अधिक सहज उघडते. म्हणून तिखट पदार्थ गरम असला की अधिकच झोंबतो. कोराडीची देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते अशी भाविकांची श्रद्धा आहे. एका मूर्तीची तीन रूपे मनात असताना एका दाराचे हे तीन पाहुणे मला परके वाटत नाहीत. पोपटाचे हेच दार मात्र कॅप्सेसिनला ओळखत नाही. पिंजऱ्यातला मिठू हिरवी मिरची ज्या शांतपणे कुरतडतो, त्यात त्याचे शौर्य शून्य.

दाराच्या मागे घर आहे, ते मात्र बरेच दूर. जिभेच्या या तंतूंच्या पेशी कवटीच्या तळाशी, ट्रायजेमिनल गुच्छिकेत दाटीवाटीने बसलेल्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुष्कळशा सारख्याच दिसतात. कोण दुःखाची, कोण हळुवार स्पर्शाची, सांगणे कठीण. मग विशिष्ट रेणूलाच चिकटणारी, चमकत्या रंगाची प्रतिपिंडे त्यांच्यावर सोडतात, आणि काळोखातून निवडक पेशी एकेक करून उजळू लागतात. नवरात्रात कोराडीला ओळीने तेवणाऱ्या अखंड ज्योती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्या दृश्याची कल्पना येईल. पोटात बाळगलेला ऐवज हीच येथे पेशीची ओळख.

त्या ऐवजातले सर्वांत लाडके नाव अगदीच रुक्ष आहे: सबस्टन्स पी. १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना ते घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडले. नावातला ‘पी’ त्यांनी बनवलेल्या भुकटीचा. केवळ अकरा अमिनो आम्लांची ही माळ. तिच्या शेजारी पुष्कळदा सदतीस आम्लांची दुसरी, सीजीआरपी नावाची, अर्धशिशीच्या नव्या औषधांचे लक्ष्य ठरलेली. मला यातली खरी मौज पुढेच वाटते. ही पेशी मेंदूकडे निरोप धाडते तेव्हाच, जिथून दुखणे सुरू झाले त्या टोकाशीही हे रेणू सांडते. तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, ओठ लालबुंद होतात, जडावतात. डाकिया पत्र घेऊन निघाला खरा, पण निघता निघता ज्याने पत्र दिले त्याच्याच ओसरीवर गुलाल उधळून गेला!

नाक वाहते आहे, कपाळ ओलावले आहे. पुण्याहून आलेला आपला पाहुणा डोळे पुसत दही शोधतो आहे. शोधू द्यावे, दुधातले केसीन कॅप्सेसिनला धुऊन नेते. रोजचा गिऱ्हाईक मात्र निवांत आहे. वारंवार थाप पडल्याने त्याच्या तंतूंचे दार हळूहळू दाद देईनासे झाले आहे. तो रिकामी होत आलेली प्लेट पुन्हा पुढे करतो, आणि ठेलेवाला काही न विचारता पळीने वरचे लाल तेल तेवढे अलगद उचलतो.