अक्षराचा दोष आणि संकेताचा दोष : संगणकीय अक्षरजुळणीतील उपायटिपांचा परामर्श

१

अक्षरजुळणीची साधने बदलली की तिच्यातील दोषांचे स्वरूपही बदलते. ज्या काळी जुळारी खणांतून खिळे उचलून ओळ बांधीत असे, त्या काळी वेलांटी झिजली किंवा काना तुटला तर दोष कोठे आहे हे डोळ्यांना दिसत असे. झिजका खिळा काढून नवा बसविला की काम भागे. संगणकावरील जुळणीत हे सुख उरलेले नाही. पडद्यावर किंवा कागदावर जे अक्षर बिघडलेले दिसते, त्याचा बिघाड बहुधा त्या अक्षरात नसतो. आणि जे अक्षर निर्दोष दिसते, त्याच्या पोटात बिघाड असू शकतो. ह्या दुसऱ्या प्रकाराकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, मुद्रितशोधक आणि छापखान्यांतील अक्षरजुळणीकार ह्यांच्यामध्ये आज अनेक उपायटिपा प्रचलित आहेत. ‘फाँट बदलून पाहा’, ‘मध्ये एक अदृश्य चिन्ह घाला’, ‘मजकुराच्या रेषाकृती करून टाका म्हणजे तो हलणार नाही’, ‘छपाईसाठी जुना फाँट व इतर कामांसाठी युनिकोड वापरा’ असे हे उपाय तोंडोतोंडी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ते सांगणारे अनुभवी असतात व उपाय पुष्कळदा लागूही पडतात. तथापि उपाय लागू पडणे आणि उपाय योग्य असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ह्या टिपांच्या मागे मराठी लेखनाविषयीची कोणती समजूत उभी आहे, आणि ती कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम यंत्राची रीत ध्यानात घ्यावयास हवी. युनिकोडवर आधारलेल्या जुळणीत तीन पायऱ्या असतात. पहिली संकेताची: ‘कि’ लिहिताना प्रथम ‘क’चा व नंतर ऱ्हस्व वेलांटीचा संकेत साठविला जातो, म्हणजे उच्चाराचा क्रम राखला जातो. दुसरी घडणीची: संगणकातील घडणयंत्रणा ती वेलांटी उचलून व्यंजनाच्या डावीकडे ठेवते, रफार योग्य अक्षराच्या शिरावर नेते व जोडाक्षरे बांधते. ‘हार्फबझ’ ही अशीच एक यंत्रणा होय. तिसरी आकृतीची: घडविलेल्या अक्षराला रूप देण्याचे काम फाँट करतो. जोडाक्षराची आकृती फाँटमध्ये नसेल तर घडणयंत्रणेचा इलाज चालत नाही. तेथे पाय मोडलेले अक्षर उमटते.

उच्चारक्रमाने साठवण करण्याचे हे तत्त्व युनिकोडने नव्याने शोधलेले नाही. भारतीय लिप्यांसाठी सिद्ध झालेल्या ‘इस्की’ ह्या संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर युनिकोडचा देवनागरी विभाग बेतलेला आहे. त्याच प्रणालीला १९९१ मध्ये ‘आय. एस. १३१९४’ ह्या भारतीय मानकाचे रूप मिळाले. ह्या मानकाने लेखन आणि लेखनाचे चित्र ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या, हे त्याचे खरे महत्त्व.

ह्याच्या उलट, युनिकोडपूर्व व्यावसायिक फाँटांनी खिळ्यांची व टंकलेखन-यंत्राची रीत पुढे चालविली. रोमन अक्षरांसाठी असलेल्या २५६ जागांत देवनागरीचे तुकडे बसविले गेले आणि ते डोळ्यांना दिसतील त्या क्रमाने जुळविण्यात आले. ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन मागून; अक्षर आधी, रफार मागून. ह्या फाँटांनी मराठी वृत्तपत्रे व ग्रंथ अनेक वर्षे उत्तम प्रकारे छापले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांत साठविलेला मजकूर वस्तुतः मराठी नव्हे. तो मराठीसारखा दिसणाऱ्या तुकड्यांचा संच होय. फाँट काढून घेतला की खाली रोमन अक्षरांची निरर्थक रांग उरते.

३

आता दोषांकडे वळू. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘स्थिती’ ह्या शब्दाचे ‘स्िथती’ होते व ‘मूर्ती’चे ‘मूतीर्’ होते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. रूपांतर करणारी आज्ञावली एका तुकड्याच्या जागी एक संकेत ठेवीत जाते. तिला वेलांटी केवळ पुढच्या एका वर्णापलीकडे न्यावयाची की संपूर्ण जोडाक्षरापलीकडे, हे ठाऊक नसते. म्हणजे येथे तिला उणीव आहे ती मराठी अक्षराच्या सीमेच्या ज्ञानाची. ‘स्थि’ हे एक अक्षर आहे, ‘स्’ आणि ‘थि’ अशी दोन नव्हेत, एवढे जरी तिला सांगितले तरी निम्मे दोष आपोआप नाहीसे होतात. अशा चुका एकेक करून हाताने सुधारण्याचा सल्ला दिला जातो. शेदोनशे पानांच्या प्रबंधात तो पाळता येत नाही. आणि पाळला तरी दोष जेथे उत्पन्न झाला तेथे तो तसाच राहतो.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. पहिल्या प्रकारात रकार मागील अक्षराला जाऊन मिळतो व त्याला आघात देतो. दुसऱ्यात तो यकारासह पुढील अक्षरात राहतो व आघात येत नाही. शब्दाचा अर्थ बदलविणारा हा भेद मराठी लेखन रफार आणि चंद्रकोरीसारखी आडवी रेघ अशा दोन चिन्हांनी दाखविते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा भेद अर्थभेदक होय. तो अक्षरवळणाचा प्रश्न नाही.

हा दुसरा रकार संकेतबद्ध करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक, षोडशमान पद्धतीने ०९३१ ह्या क्रमांकाचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरी, साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य संयोजक चिन्ह घालणे. युनिकोडने पहिली रीत मुख्य मानली असून दुसरी पूर्वीच्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून चालू ठेवली आहे. कागदावर दोहोंचे फळ एकच दिसते. म्हणून टिपा देणारे दोन्ही रीती समान मानतात. त्या समान नाहीत. अदृश्य संयोजक हे शोध, तुलना व प्रतिलिपी ह्यांच्या वेळी दुर्लक्षिले जाण्याजोगे चिन्ह मानलेले आहे. शोधयंत्रणेने ते दुर्लक्षिले की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात. न दुर्लक्षिले तर एकाच ‘दऱ्या’चे दोन शब्द होतात, कारण युनिकोडच्या सामान्यीकरणात ह्या दोन रीती परस्परतुल्य ठरत नाहीत. पहिल्या प्रसंगी भाषेतील भेद बुडतो, दुसऱ्या प्रसंगी भाषेत नसलेला भेद जन्माला येतो. अर्थभेद करणारे चिन्ह एका अदृश्य व पुसट खुणेच्या आधारावर ठेवू नये, हाच येथील निष्कर्ष.

‘ॲ’ ह्या स्वराची कथा अशीच आहे. त्याचा स्वतंत्र संकेत २००८ मधील युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत आला. तत्पूर्वी लेखक ‘अ’वर चंद्र चढवून निभावून नेत, कोणी मध्ये अदृश्य संयोजक घालीत, तर कोणी ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ हे चिन्ह त्या जागी वापरीत. स्वतंत्र संकेत उपलब्ध झाल्यावरही जुन्या सवयी व त्या शिकविणाऱ्या टिपा टिकून आहेत. एका शब्दकोशाच्या कच्च्या खर्ड्यात ह्या सर्व रीती एकत्र आल्या, तर वर्णक्रम लावताना एकच शब्द निरनिराळ्या ठिकाणी विखुरला जाईल.

४

ह्याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली. हिंदीत दंडयुक्त ‘ल’ रूढ आहे. फाँट बदलताच ‘ल’ हिंदी वळणाचा उमटला की मराठी लेखकाला ती चूक वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु येथे अर्थभेद नाही. ‘लता’ कोणत्याही लकाराने लिहिली तरी लताच. दोन्ही रूपे एकाच लेखनघटकाची आहेत. म्हणून त्यांना एकच संकेत असणे हे युक्तच आहे, आणि रूपाची निवड फाँटने भाषेनुसार करावी हेही युक्त आहे.

ओपनटाइप फाँटांत ह्यासाठी ‘लोकलाइझ्ड फॉर्म्स’ नावाचा नियमसंच असतो. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविलेली असेल तर तो मराठी रूप पुढे करतो. लोहित ह्या मुक्त फाँटमालेत पूर्वी मराठी व हिंदी यांसाठी निरनिराळे फाँट होते. पुढे एकाच लोहित देवनागरीत भाषेनुसार रूपे देण्याची सोय झाली. हा क्रम तत्त्वाला धरून आहे. मात्र ह्या सोयीची किल्ली लेखकाच्या हाती असते. लिब्रेऑफिससारख्या लेखनप्रणालीत परिच्छेदाची भाषा ‘हिंदी’ राहिली, किंवा झीटेकमध्ये फाँट घेताना लिपी देवनागरी सांगून भाषा सांगावयाची राहून गेली, तर उत्तम फाँटही हिंदी वळण दाखवील. येथे ‘फाँट टाकून द्या’ हा सल्ला अन्यायाचा ठरतो. भाषेची नोंद करणे हा खरा उपाय. जे फाँट मुळातच मराठीसाठी रेखाटले आहेत, त्यांत हा प्रश्न उद्‌भवत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’, व त्याच्या देवनागरीवर आधारलेला मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘शोभिका’, हे ह्या दृष्टीने विद्यापीठीय लेखनाला उपयोगी आहेत.

ह्या दोन उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. जो भेद अर्थ बदलतो तो संकेतात असावा. जो बदलत नाही तो आकृतीत असावा. प्रचलित टिपांचा मूळ दोष हा की त्या ही मर्यादा ओळखत नाहीत. संकेताचा दोष त्या आकृतीने झाकतात आणि आकृतीचा दोष संकेतात चिन्हे घुसडून मिटवितात.

५

निदानाची रीत कठीण नाही. संशयित शब्द प्रथम दोनतीन वेगळ्या फाँटांत पाहावा. एकाच फाँटात दोष दिसत असेल तर तो त्या फाँटचा, किंवा भाषेच्या नोंदीचा. आधी नोंद तपासावी. सर्व फाँटांत दोष कायम राहिला तर तोच मजकूर दुसऱ्या प्रणालीत न्यावा. तेथे तो निर्दोष उमटला तर पहिल्या प्रणालीची घडण सदोष आहे. अनेक पृष्ठरचना-प्रणालींत भारतीय लिप्यांसाठी वेगळा परिच्छेद-रचनाकार निवडावा लागतो, आणि तो न निवडल्यामुळेच वेलांट्या व रफार विस्कटतात. दोन्हीकडे दोष राहिला तर तो संकेतात आहे, व संकेतांचा क्रम उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. वेलांटीखाली टिंबांचे वर्तुळ दिसणे ही तिला आधाराचे व्यंजन मिळाले नसल्याची खूण आहे. शेवटी, निर्दोष दिसणाऱ्या शब्दाचीही एक परीक्षा करावी: तो नव्याने टंकित करून मजकुरात शोधावा. तो सापडला नाही तर तेथे छुपा दोष आहे.

पीडीएफ धारिकांच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. त्या धारिकेत मुख्यतः आकृती साठविलेल्या असतात. म्हणून ‘कार्य’ छापले गेले तरी तेथून उतरून घेताना ‘कायर्’ हाती येते. झीटेकमध्ये आकृतीसोबत मूळ मजकूर नोंदविण्याची सोय आहे. ती सुरू करावी. आणि ज्या संस्था प्रबंध केवळ पीडीएफ रूपात स्वीकारतात, त्यांनी मूळ संकेतबद्ध मजकूरही मागून घेणे इष्ट.

६

ह्यावर छापखान्याच्या बाजूने एक आक्षेप येतो, व तो उपेक्षणीय नाही. वाचक कागद वाचतो, संकेत वाचत नाही. पुस्तक वेळेवर व सुबक निघाले की पोटात काय आहे ह्याची चिंता कशाला? शिवाय जुन्या रीतीत हात बसलेला कारागीर, वर्षानुवर्षांचा साठविलेला मजकूर आणि मोजका पैसा ह्यांचा विचार न करता दिलेला उपदेश पोकळ असतो. ह्यातील दुसरा भाग पूर्णपणे मान्य आहे. दोष कारागिराचा नाही. पहिला भाग मात्र एकाच आवृत्तीपुरता खरा आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती, अंध वाचकासाठी पडदावाचकाने केलेले वाचन, कोशासाठी केलेली शब्दांची मोजदाद, संशोधकाने घेतलेला एखाद्या रूपाचा शोध, ह्या सर्वांना कागद नव्हे, संकेत लागतो. भाषेच्या अभ्यासकाने आजच्या मराठीतील सामान्यरूपांचे प्रमाण मोजावयास घेतले, आणि त्याच्या संग्रहात ‘ऱ्या’ची रूपे अर्धी एका रीतीने व अर्धी दुसऱ्या रीतीने असतील, तर त्याचा निष्कर्ष भाषेविषयीचा नसून टंकलेखकांच्या सवयींविषयीचा होईल. आणि ते त्याच्या ध्यानातही येणार नाही.

ह्या संदर्भात लिपिसुधारणेच्या चळवळीचे स्मरण होते. यंत्रासाठी लिपी सुटसुटीत करावी, ह्या विचाराने सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली, १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा निर्णय झाला व तो पुढे मागे घ्यावा लागला. त्या काळी यंत्र अपुरे होते आणि त्यासाठी लिपीने वाकावे अशी मागणी होती. आज यंत्र वेलांटी डावीकडे नेऊन ठेवण्यास समर्थ आहे. आता अपुरी आहे ती आपली लेखनशिस्त. भाषाविभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना लेखननियमांबरोबर संकेतनियमही शिकविले, प्रबंधासाठी ‘ऱ’ व ‘ॲ’ यांची एकच रीत ठरवून दिली व भाषेची नोंद अनिवार्य केली, तर प्रचलित टिपांपैकी बहुतेकांची गरजच उरणार नाही. ह्या तीन गोष्टींना नवी यंत्रसामग्री लागत नाही. एका पानाचे परिपत्रक पुरेसे आहे.