डॉक्टरांनी वापरलेली

मराठीत चारोळीपासून महाकादंबरीपर्यंत सगळ्यांची समीक्षा झाली. लग्नपत्रिकांची झाली, ट्रकच्या मागल्या फळीवरच्या मजकुराचीही झाली. पण जुनी मोटार विकायला काढणारा माणूस जे चार ओळींचे गद्य लिहितो, त्याकडे एकाही समीक्षकाची नजर वळलेली नाही. वास्तविक इतके काटकसरी वाङ्मय दुसरे नाही. त्यात एक शब्द वाया जात नाही आणि एक शब्द खरा नसतो. नाही, हा अन्याय झाला. गाडीचा रंग बहुधा खरा असतो.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या मोटारींची कर्जे मंजूर केली आणि स्वतः स्कूटरवरून आले-गेले. आता फंडातले सात लाख बाजूला काढून म्हणाले, "छोटी नवी गाडी कोणीही घेतो हो. मला एकदा मोठी चालवायचीय." सात लाख म्हणजे निवृत्त माणसाच्या हिशेबात गंमत नव्हे. त्यात चूक झाली तर मेहुणीबाई आयुष्यभर ऐकवणार, आणि साडूंबरोबर मलाही.

सात लाखांत एके काळची पंचवीस-तीस लाखांची सेडान मिळते, हे खरे आहे. विम्याच्या तक्त्यातच चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात. पुढे तर मोठ्या गाडीला बाजार तेवढीही दया दाखवत नाही. पण गोम अशी, की गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. सात लाखांना घेतलेल्या मर्सिडीजचा दिवा हा मर्सिडीजचाच दिवा असतो. फुटला की कळते.

आता मूळ संहितेकडे वळू. या वाङ्मयातले सर्वांत लाडके विशेषण म्हणजे 'डॉक्टर ड्रिव्हन'. डॉक्टरमंडळी गाडी जपून चालवतात हा शोध कुणी लावला कोण जाणे. रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीकडे निघालेले डॉक्टर तुम्ही पाहिले आहेत काय? आणि दिवसा घर ते दवाखाना दीड किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत बंद. ही रोजची अर्धीमुर्धी धाव इंजिनाला लांबच्या प्रवासापेक्षा वाईट, कारण तेलातली ओल उडून जायला वेळच मिळत नाही. तेव्हा 'डॉक्टर ड्रिव्हन' वाचले की मी मनात 'गाडीला पथ्य नव्हते' असे भाषांतर करतो.

दुसरा अलंकार 'कमी रनिंग'. दहा वर्षांत अडतीस हजार किलोमीटर. येथे समीक्षकाने आस्वाद घेणे सोडून पाठचिकित्सा करावी. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत आहे का? स्टिअरिंगचे कातडे चकाकते का? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. अडतीस हजारांत दोनदा टायर बदलले असतील तर मीटर मागे गेला आहे किंवा मालक रस्त्याऐवजी डोंगरावर चालवत होता. काचांवरही खुणा असतात. सगळ्या काचा एका सालच्या आणि एक निराळ्या, तर ती ओवी प्रक्षिप्त समजावी आणि ती तिथे का घुसली, हे विचारावे. सर्वांत अस्सल पोथी म्हणजे अधिकृत वर्कशॉपातली नोंद. चेसिस नंबर सांगून ती काढवून घ्यावी. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला, की पोथी बासनात बांधून घरी यावे.

'पावसाळ्यात फारशी बाहेर काढली नाही' हेही एक वाक्य आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कोणीच गाडी बाहेर काढली नव्हती. पाणीच आत आले. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये तसेच. बुडालेली गाडी धुऊन-पुसून परगावी विकता येते, आणि वरून ती नव्या नवरीसारखी दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाळाची रेघ बहुधा तिथे राहून जाते. डिकीतल्या जादा चाकाखालीही हात घाला. मोठ्या गाडीत वायरींचे जंजाळ दांडगे, त्यामुळे ओल वर्षभराने बोलू लागते.

'दिल्ली पासिंग, किंमत फार कमी' हा उपप्रकार २०१५ नंतर बहरला. त्या वर्षी हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद केला. मग मंडळी दक्षिणेकडे निघाली. इकडे आल्यावर ना हरकत दाखला, नवा नंबर, पुन्हा रोड टॅक्स. हे सगळे मिळवले की स्वस्ताई कुठेतरी खंडवा-भुसावळच्या दरम्यान गळून पडलेली असते.

राहता राहिल्या खुद्द गाड्या. मर्सिडीजबद्दल मराठी माणसाला घरचा जिव्हाळा, कारण १९९५ पासून ती पिंपरीला आणि २००९ पासून चाकणला बांधली जाते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी तर एकदम १५० घेतल्या. पण ते महाकाव्य आहे. भाष्यकार पगारी ठेवल्याशिवाय वाचू नये. २००९ ची सुपर्ब घ्या: मागच्या सीटवर पंगत बसेल. मात्र तिच्या पेट्रोल मॉडेलातली कोरड्या क्लचची सात गिअरांची पेटी नाजूक. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने त्या जातीच्या पेटीच्या तेलापायी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. गर्दीत सावकाश चालवताना धक्के बसले, तर नमस्कार करून उतरावे. होंडा ॲकॉर्ड गुणी, पण चार माणसे बसली की पुण्याच्या प्रत्येक गतिरोधकाला पोट टेकून दंडवत घालते. उरली टोयोटा कॅमरी. शैली नाही, धक्का नाही, शहरात लिटरला आठ-नऊवर जात नाही. पण जुनी साधी ऑटोमॅटिक पेटी आणि शिवण न सुटणारी बांधणी. वाचनालयात शंभर हातांत फिरूनही पाने जागेवर असलेली पुस्तके असतात, त्यांतली ही.

साडूंनी सातांपैकी दीड लाख टायर, बुश, बॅटरी आणि गिअरच्या तेलासाठी वेगळे बांधून ठेवले आणि शोध चालू केला. तीन महिन्यांनी एक जाहिरात सापडली: 'कॅमरी, २०१२, पेट्रोल. सर्व बिले आहेत. डावा मागचा दरवाजा रंगवला आहे. एसी उन्हात कमी पडतो.' मी ती दोनदा वाचली. या संपूर्ण वाङ्मयप्रकारात लेखकाने स्वतःहून दोष सांगितल्याचे हे माझ्या वाचनातले एकमेव उदाहरण. एसीचा कॉम्प्रेसर बघून पंचवीस हजार उतरवून घेतले.

२९ आणि ३० नंबरचे फॉर्म झाले. पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच. मूळ मालकाने कर्ज केव्हाच फेडले होते, ३५ नंबरचा फॉर्म मात्र आणलाच नव्हता. बँक साडूंचीच. शाखाही त्यांचीच. सहीचा अधिकारी तर त्यांनीच हाताखाली तयार केलेला. त्याने चहा मागवला, तब्येत विचारली आणि म्हणाला, "साहेब, जुनी फाइल शोधावी लागेल. सोमवारी या."