भिंतीवरचे व्यंगचित्र

राजकीय व्यंगचित्र नियतकालिकाच्या पानावर असते तोवर त्या वेळेपुरते असते. चौकट करून भिंतीवर टांगले की ते इतिहास म्हणून मिरवू लागते. प्रसंग गळून जातो, हसू तेवढे उरते.

शंकर यांचे १९४९ मधील चित्र घ्या. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत. मागे नेहरूंनी चाबूक उगारला आहे. लोक पाहत आहेत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात हे चित्र होते, म्हणून २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. चाबूक गोगलगायीवर आहे, असे समर्थक म्हणाले. बाबासाहेबांच्या हातातही चाबूक आहे, हे खरेच. पण ज्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या चाबूक पडला, त्यांनी त्याकडे निव्वळ प्रतीक म्हणून पाहावे, ही अपेक्षा कोणाची?

चित्रात जे नाही, ते टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजीच संविधान सभेत सांगितले होते: सात जणांच्या मसुदा समितीचे ओझे अखेर एकट्या बाबासाहेबांवर पडले.

नायगाव-परळच्या चाळींत दिसणाऱ्या बाबासाहेबांच्या तसबिरीला मी भाबडी भक्ती म्हणणार नाही. प्रस्थापितांच्या भिंतींनी नाकारलेली जागा कामगाराने आपल्या एका खोलीत दिली, ही इतिहासाची मांडणीच आहे.

तरीही पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची झालेली मोडतोड मला मान्य नाही. चित्र फाडल्याने त्यामागची दृष्टी फाटत नाही. ते वर्गात लावावे आणि त्याखाली कृष्णम्माचारींची साक्षही लावावी. मग विद्यार्थ्यांनाच विचारावे: इथे हसतो कोण, आणि कोणाला?