मोंद्रियानचें झाड

तत्त्वज्ञान उच्च असलें कीं चित्रहि आपोआप उच्च होतें, अशी एक भाबडी समजूत आहे. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराकडे पाहतां ती टिकत नाहीं. कॅल्व्हिनपंथी शाळामास्तराचा हा मुलगा १९०९ सालीं थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला आणि १९११ च्या सुमारास त्यानें 'उत्क्रांति' हें तीन फलकांचें चित्र पुरें केलें. तीन निळसर विवस्त्र स्त्रिया ताठ उभ्या आहेत. कडेच्या दोघींचे डोळे मिटलेले, मधलीचे विस्फारलेले. खांद्यांजवळ त्रिकोण आणि तारे. जडांतून चैतन्याकडे जाण्याचा मार्ग दाखवावयाचा आहे हें तत्काळ कळतें, आणि कळल्यावर पाहावयास फारसें कांहीं उरत नाहीं. चित्र कसलें, सचित्र प्रवचनच तें!

याच काळांत तो झाडेंहि रंगवीत होता. 'तांबडें झाड' या आधींच्या चित्रांत निळ्या पार्श्वभूमीवर फांद्या ज्वाळांसारख्या वळल्या आहेत. तरी झाड तें झाडच. १९११ सालीं ॲमस्टरडॅम येथें त्यानें ब्राक-पिकासोंचीं घनवादी चित्रें पाहिलीं. त्याच वर्षींच्या 'करडें झाड' या चित्रांत फांद्यांमधील मोकळी जागाहि फांद्यांइतकीच घट्ट रंगविलेली दिसते; झाड कोठें संपतें आणि आकाश कोठें सुरू होतें हें सांगवत नाहीं. १९१२ मधील फुललेल्या सफरचंदाच्या झाडाच्या तर कमानदार रेषाच तेवढ्या उरल्या. येथें तारे नाहींत, मिटलेले डोळे नाहींत. परंतु आपण ज्याला सगुणाकडून निर्गुणाकडे जाणें म्हणतों तें येथें प्रत्यक्ष कुंचल्याच्या फटकाऱ्यांत घडतें.

मोंद्रियानच्या अमूर्ताचें सारें श्रेय थिऑसॉफीस देणाऱ्या टीकाकारांनीं एकदां हेग येथील संग्रहालयांत जावें. हीं सर्व चित्रें तेथेंच आहेत.