‘अधांतर’मधील खोली आणि घर

१८ जानेवारी १९८२ रोजी आरंभ झालेल्या गिरणी-संपाने डिलाईल रोडसारख्या कामगारवस्तीचे जीवन अस्थिर केले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाची पार्श्वभूमी हीच होय. गिरणगावात राहत्या जागेस ‘खोली’ म्हणत. ‘घर’ हा शब्द बहुधा कोकणातील वा घाटावरील गावाकडच्या वास्तूसाठी राखलेला असे. नाटकातील आई मुलांना धरून ठेवून या खोलीलाच घरपण देऊ पाहते. तथापि एक मुलगा गुन्हेगारीकडे वळतोच. घरातील नित्यक्रम माणसाला धीर देतो; परंतु बुडालेल्या वेतनाची भरपाई तो करू शकत नाही. मायेच्या भरात नाटककार हा भेद पुसून टाकीत नाही, यातच या कृतीचे वाङ्मयीन मोल आहे.