उद्भव, अनुकूलन आणि जात्यावरची ओवी

लोकसाहित्याच्या चर्चेत ‘समूहमन’ ही संकल्पना आपण इतकी वर्षे वापरत आलो, की हे मन नेमके कोठे वसते, हे विचारणेच राहून गेले. जटिल अनुकूलनशील व्यवस्थांच्या अभ्यासाने तिला एक पर्याय पुरविला आहे. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८६ मध्ये संगणकावर पक्ष्यांचा थवा उभा केला. प्रत्येक पक्ष्याला नियम तीनच: शेजाऱ्यावर आदळू नये, त्याच्या दिशेने व वेगाने उडावे, जवळच्यांच्या मध्याकडे सरकावे. थव्याचा आराखडा कोणत्याही पक्ष्यापाशी नव्हता. तरीही थवा झाला. सुट्या घटकांत न सापडणाऱ्या समग्राच्या ह्या वर्तनाला उद्भव म्हणतात.

जात्यावरच्या ओवीला हे प्रतिमान लावण्याचा मोह होतो, आणि तो अनाठायी नाही. हेमा राईरकर व गी प्वात्वाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा आकृतिबंध कोणा एकीने योजलेला नाही. एकीची ओवी जात्याशी बसलेल्या दुसरीने उचलली, कोणी माहेरची सासरी नेली, लेकीने आईची बदलून म्हटली.

परंतु ‘कोणा एकीने रचले नाही’ हे विधान नकळत ‘कोणीच रचले नाही’ असे होऊन बसते. (वर्गात मीही ते असेच सांगत आलो आहे.) ह्याचे कारण, आपण ‘उद्भव’ उचलला आणि ‘अनुकूलन’ मागे ठेवले. रेनॉल्ड्स यांचा पक्षी काही शिकत नाही. जॉन हॉलंड यांच्या प्रतिमानातील घटक शिकतो: फळलेल्या नियमाचे वजन वाढते, जुन्या नियमांचे तुकडे जुळून नवे नियम घडतात. ओवी म्हणणारी याच्या बरीच जवळ आहे. रूढ पहिली ओळ ती ठेवते, दुसरीत आपला भाऊ, आपले गाव आणते. सीतेच्या वनवासात स्वतःचा सासुरवास मिसळते.

तरी एक अंतर उरतेच. हॉलंड यांच्या घटकाला यशाचे माप परिसर पुरवितो. पहाटे एकटीच दळणाऱ्या बाईची ओवी फळली, हे कशावरून ठरवावे? ऐकायला कोणी नसतानाही ती शब्द बदलते. ह्या बदलाचा हिशेब थव्याच्या भाषेत मांडता येत नाही. तो मांडायचा तर एकाच ओवीची पाठांतरे गावागावांतून ताडून पाहावी लागतील. त्याची सोय त्या संकलनातच आहे: तेथे ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे.