निर्माता : धनको की सर्जक?

चित्रपटसमीक्षेत निर्माता म्हणजे केवळ भांडवल पुरविणारा, असे मानण्याचा प्रघात आहे. दादासाहेब फाळके यांच्या उदाहरणापुढे हे मत टिकत नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून त्यांनी भांडवलदाराचा विश्वास संपादन केला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या वेळी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या भोजनापर्यंतचा भार सरस्वतीबाईंनी वाहिला. अस्तित्वात न आलेल्या कृतीविषयी इतरांच्या ठायी विश्वास उत्पन्न करणे व ती सिद्धीस जाईतो माणसे आणि साधने एकत्र राखणे, हेच निर्मात्याचे कार्य होय. केवळ दिग्दर्शनाचे गुणदोष पाहणाऱ्या समीक्षेत सरस्वतीबाईंच्या श्रमांना स्थानच उरत नाही. म्हणून ती अपुरी ठरते.